नानाजींचे आफ्रिकेचे कागद

टप्! नानाजी भिंगावरची टोपी परत बसवायचे, तेव्हा असा आवाज व्हायचा. वर्ध्याच्या त्यांच्या स्टुडिओत मी फोटो धुवायचो. आत अंधारात दिवसभर तोच आवाज ऐकू यायचा. तिथले किस्से कोणी मुद्दाम जमवले नाहीत. फोटोला बसलेला माणूस गप्प असतो आणि उठला की बोलत सुटतो. तसे ते साचत गेले. त्यातले नानाजींच्या परदेशाचे तेवढे सांगतो.

पन्नास सालानंतरची गोष्ट. समोरच नवा स्टुडिओ उघडला आणि आमचं गिऱ्हाईक तुटलं. त्याच सुमारास नैरोबीच्या एका स्टुडिओनं नानाजींना फोटोग्राफर म्हणून बोलावलं.

*

पासपोर्टच्या फोटोला ते आरशात बघून स्वतःच बसले, भिंगावरची टोपी मी काढली. त्यांच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. आमच्याकडे रीत अशी, की निगेटिव्हच्या काचेवर बारीक पेन्सिल फिरवून गिऱ्हाइकाचे व्रण घालवायचे. याही काचेवर नानाजींची पेन्सिल सवयीनं फिरली!

नागपूरच्या पासपोर्ट कचेरीतल्या कारकुनानं फोटो पाहिला, मग नानाजींकडे पाहिलं.

"यह कौन है? छोटा भाई?"

कागद परत!

*

दुसरा फोटो व्रणांसकट तसाच छापला. नानाजींचा हात शिवशिवत होता, म्हणून पेन्सिल त्यांनी माझ्याकडे देऊन ठेवली.

संध्याकाळी त्यांच्या पत्नी आल्या. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. फोटो उजेडाला धरून त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"याची एक कापी मले द्या."

"घरी इतके फोटो हायेत ना माहे!"

"ते कोनाचे हायेत कोन जाने. हा मानूस माह्या वळखीचा हाये."

नानाजी काचा पुसत बसले.

*

बोटीसाठी देवीची लस टोचल्याचा दाखला लागायचा.

"डॉक्टरसाहेब, देवी येऊन गेली, तोंडावर सही करून गेली. आता काऊन टोचून राह्यले?"

"बंदरावरचा साहेब तोंड नाई वाचत, नानाजी. दाखला वाचते. बाही वर करा!"

दंड असा सुजला, की नालवाडीच्या लग्नाचे फोटो त्यांनी एका हातानं काढले.

*

शेवटी नैरोबीला राहायचा परवाना आला. अर्ज दोघांचा होता, परवाना एकट्याचा. बायकोचं पुढं बघू, असं लिहिलं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच. नैरोबीवाल्यांची तारही आली होती: येणार की नाही ते आजच कळवा, नाहीतर दुसरा माणूस बघतो.

दुपारी वहिनी डबा घेऊन आल्या. नानाजींनी त्यांना सगळं सांगितलं.

"मी नाई जात," ते म्हणाले. "तू एकटी कशी राहशीन?"

वहिनींनी डबा टेबलावर ठेवला. खुंटीवरचा नानाजींचा कोट काढला, झटकला आणि पुढं धरला.

"तारहापीस पाचले बंद होते. उठा."

"अन् तू?"

वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पायऱ्या उतरून त्यांच्याआधी तारऑफिसच्या वाटेला लागल्या.