डोरल्याचं डिपॉझिट

शेठनं दिव्याला लाथ मारली.

पाटी भिंतीवर आपटली. तेल सांडलं. पिठावरून त्याची चप्पल फिरली.

माझी बायको कौसा त्याच जागी मेली होती. जिथं जीव जातो तिथं आमच्यात पीठ पसरून दिवा लावतात, वर पाटी पालथी घालतात. दहावा होईस्तवर दिवा विझू देत न्हाईत. मी तिची राख सावडून नुकताच आलो होतो. अंगावरचं धोतर ओलं होतं.

"माझ्या खोलीत मढ्याचा दिवा लावतो व्हय रं?" शेठ म्हणला. "आता कोण भाडेकरू येणार हितं? तुझा बाप?"

"दहाव्यापर्यंत राहू द्या शेठ." मी हात जोडले. वयानं तो माझ्या पोराएवढा.

"आत्ता निघ. ते पीठ झाडून घे आन् गोमूत्र शिंपड."

मी झाडलं. गुडघ्यावर बसून, माझ्याच हातानं, कौसाची जागा झाडली. तिच्या लुगड्याचा तुकडा फाडून पीठ त्यात बांधलं. शेठनं किल्ली मागितली, दिली. शेजारची बिहारी बाई दारातून ओरडत होती, "चाचा, चाबी मत दो! मत दो चाबी!" मला कळलं न्हाई ती का ओरडते. मालकानं मागितली की द्यायची, एवढंच आम्हाला ठावं.

खोली शिक्रापूरची. शेठची जमीन कंपनीत गेली, त्या पैशावर त्यानं पत्र्याच्या खोल्यांची रांग उठवली. मी कंपनीच्या गेटवर वॉचमन, कौसा कामगार पोरांचे डबे करायची. डिपॉझिटला पैसा नव्हता म्हणून तिनं गळ्यातलं डोरलं मोडलं. "मोडतीया कुठं? शेठकडं ठेवतीया," म्हणली आन् हसली. सरणावर गेली ती नुसते काळे मणी घालून.

दहावा केडगावला भावकीत केला. मग शेठच्या दारात गेलो. ओट्यावर चारचौघं चहा पीत बसले होते.

"शेठ, डिपॉझिट द्या."

"अकरा महिन्यांचा करार हाय. मुदतीआधी तू गेलास. किल्ली तूच दिलीस. डिपॉझिट बुडालं."

"मी गेलो न्हाई. तुम्ही हाकललं."

"बायको मधीच मरंल, असं करारात लिवलं होतं का?"

बसलेले हसले. शेठनं एक नोट माझ्या पायाशी टाकली. "उचल. तिच्या नावानं भजी खा."

मी वाकलो. खरंच वाकलो. जन्मभर वाकलेली पाठ, तिला दुसरं येत न्हाई. आन् नोटेशेजारी त्याची चप्पल दिसली. तीच.

मी नोट सोडून त्याचा पाय धरला आन् ओढला. शेठ खुर्चीसकट उताणा. छातीवर गुडघा दिला, गळा आवळला. "म्हण, मी हाकललं! म्हण!" त्याचे डोळे पांढरे झाले. मग बाकीच्यांनी मला तुडवलं. बरगडी गेली. दात फरशीवर पडला.

शेठ खोकत ओरडला, "बास करा रं! म्हातारा हितंच मरंल!"

माझी दया न्हाई आली त्याला. दारात मढं पडंल, दिवा लावावा लागंल, याची भीती. ते मला तवा कळलं.

शिरूरला वकील गाठला. तो म्हणला, मालक थकलेलं भाडं कापू शकतो, मोडतोड कापू शकतो, करारात असंल तर नोटिशीच्या मुदतीचं भाडंबी. अख्खं गिळू शकत न्हाई. हाकलू तर शकतच न्हाई. मी दावा लावला.

बिहारी बाई म्हणली, "हम बोलेंगे कोर्ट में। हमने देखा है।" तिचीबी खोली शेठचीच. काय होणार ते तिला ठावं हाय.

शेठनं माझ्यावर मारहाणीची केस टाकली. टाकू दे. गळा धरला, व्हय, धरला. कोर्टातबी तेच सांगणार. काल त्याचा माणूस निरोप घेऊन आला, निम्मं घे आन् मिटव. निम्मं डोरलं कुणी घालत न्हाई. माणसाला तसाच परत लावला.

लुगड्यातलं पीठ मी पाण्यात सोडलं न्हाई. निकाल कसाबी लागू दे. त्या दिवशी शेठच्या ओट्यावर ते पसरणार आन् वर कौसाचा दिवा लावणार.

आता लाथ उचलली, तर तो पाय खाली टेकू देणार न्हाई.