तीन मिलाग्रोस आणि खोर फक्कानचा समुद्र

"मॅम, जूनमध्ये मी कायमची घरी चालले. पण त्याआधी खोर फक्कानला समुद्रात पोहणार आहे. दीड किलोमीटर. तुम्ही सगळे या."

आतेचा हा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. मी इतक्या जोरात "काय?" म्हणाले की समोरच्या मॅनेजरने प्रेझेंटेशनच थांबवलं. कारण आतेला पोहता येत नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

आते म्हणजे मिलाग्रोस. फिलिपिनो नर्स. चौदा वर्षांपूर्वी अबू धाबीच्या हॉस्पिटलमध्ये माझी मुलगी दिवस भरायच्या खूप आधी जन्मली. साखरेच्या पिशवीएवढंही वजन नव्हतं. ती काचेच्या पेटीत असताना तिच्या शेजारी सर्वांत जास्त वेळ कोण उभं राहिलं असेल, तर ही बाई. फिलिपिनो लोक मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात. आमच्या मराठी कानांना ती आत्याच वाटली, आणि आत्याच राहिली.

मुलगी घरी आल्यावर पुण्याहून सासऱ्यांनी पत्रिका पाहून 'म' अक्षर कळवलं. निखिलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, जन्मदाखल्यावर शांतपणे 'मिलाग्रोस' लिहून टाकलं. "म अक्षर आहे की!" एवढंच तो फोनवर म्हणाला. स्पॅनिशमध्ये मिलाग्रोस म्हणजे चमत्कार, तेही अनेकवचनी. आपल्याकडे 'नवसाची' म्हणतात ना, तसंच काहीसं. मेरीमातेच्या एका रूपावरून पडलेलं हे नाव स्पेनमधून जहाजांबरोबर पेरूपासून फिलिपिन्सपर्यंत गेलं. मी एकदा नेटवर शोधत बसले होते, तर या नावाच्या बायका निघता निघता संपेनात. कुणी टेनिस गाजवलेली, कुणी देशासाठी व्हॉलीबॉल खेळलेली, कुणी गायिका, कुणी राजकारणात नाव काढलेली. मिलाग्रोस देवधर मात्र जगात एकच, आणि तिला आपलं नाव अजिबात आवडत नसे. "आय साउंड लाइक अ टायपो," असं ती म्हणायची. शाळेत, घरी, सगळीकडे ती फक्त मिला.

मेसेज मी घरी वाचून दाखवला. मिला ताटावरून उठलीच. "आय ॲम डुइंग इट टू."

"स्विमिंग पूल वेगळा, समुद्र वेगळा," मी म्हणाले.

"आई, डॉक्टर सेड माय लंग्ज आर फाइन. लाइक, फोर इयर्स अगो."

हे खरं होतं. डॉक्टरांनी तिच्या फुप्फुसांना केव्हाच परवानगी दिली होती, माझ्या पोटातल्या गोळ्याला अजून मिळायची होती. दोन दिवस मी 'बघू' म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी बाप-लेकीने नाव नोंदवून टाकलं आणि मला बॅग भरायला सांगितलं.

शुक्रवार: खलिफा सिटी ते खोर फक्कान

शुक्रवारी इथे अर्धा दिवस असतो. दुपारी शाळा सुटली, तशी मिलाला गेटवरूनच उचललं. अबू धाबीतल्या आमच्या खलिफा सिटीहून निघून दुबईच्या बाहेरचा बायपास धरावा. शेख झायेद रोडच्या टोलच्या कमानीही चुकतात आणि ट्रॅफिकही. शारजा मागे पडलं की खोर फक्कानचा नवा रस्ता लागतो आणि तिथून खरी मजा सुरू होते. वाळवंट संपतं, 'हजर' नावाच्या पर्वताचे करपलेल्या भाकरीच्या रंगाचे डोंगर जवळ येतात आणि रस्ता एकामागून एक बोगद्यांत शिरतो. शेवटच्या बोगद्यातून बाहेर पडलो की थेट निळा समुद्र. खरं सांगते, अडीच तासांच्या ड्राइव्हला हे बक्षीस पुरेसं आहे. पेट्रोल मात्र डोंगर लागण्याआधीच भरून घ्या. डोंगरात पंप कमी आहेत.

खोर फक्कान शारजाचं, पण पूर्वेच्या किनाऱ्यावरचं. एका टोकाला बंदराच्या उंच क्रेन आणि कंटेनरच्या रंगीत भिंती, दुसऱ्या टोकापर्यंत वळत गेलेला किनारा, पाठीशी डोंगर. आम्ही किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर दोन खोल्यांचं अपार्टमेंट घेतलं होतं. रात्रीचे चारशे दिरहम. "दहा हजार रुपये!" निखिल नेहमीप्रमाणे मोठ्याने म्हणाला. इथे इतकी वर्षं काढूनही त्याच्या डोक्यातला हिशेब भारतातच राहतो.

आते खाली वाट बघत उभी होती. अठ्ठावन्न वर्षांची, केस पांढरे, पण खांदे केवढे! गेल्या काही वर्षांपासून ती इथून जवळच, फुजैराच्या एका दवाखान्यात होती. भेटी कमी झाल्या होत्या. तिने मिलाला मिठी मारली आणि मग तिच्या दंडाला हात लावून म्हणाली, "माझं उंदराचं पिल्लू बघा!"

संध्याकाळी किनाऱ्यावर कडक चहा घेत तिने सगळं सांगितलं. ती बेटावरची. घराच्या ओट्यावरून समुद्र दिसायचा. "पण पोहायचे ते भाऊ. आम्ही मुली किनाऱ्यावर बसून मासे साफ करायचो. भाऊ शिकले, मी आखातात आले, पैसे पाठवले, घर झालं. तीन वर्षांपूर्वी पंचावन्न झाले, आणि बिल्डिंगच्या पूलमध्ये एक चार वर्षांचं पोर बघितलं. ते पोहत होतं आणि मी त्याच्यावर लक्ष ठेवून काठावर बसले होते. म्हटलं, खलास. आता मी."

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना. रोज वाटते. तुम्हाला हिच्यासाठी वाटते तेवढीच," ती मिलाकडे बघून म्हणाली. मी आणखी एक चहा मागवला.

शनिवार: पाणी

सकाळी सहाला किनारा गजबजलेला. प्रवेशाच्या टेबलावर एक लेबनीज स्वयंसेविका होती. मिलाने नाव सांगितलं.

"मिलाग्रोसचा नंबर दिलाय हबीबी, खलास."

"दॅट्स हर," मिलाने आतेकडे बोट दाखवलं.

"हो, मग तुझं काय?" तिने यादीवर बोट फिरवलं. "इथे आडनावं नाहीत, एकच नाव तीनदा आलंय. आम्हाला वाटलं चूक झाली, म्हणून दोन काढून टाकली."

माझ्या मनात क्षणभर आलं, चला, सुटले. मग मिलाचा चेहरा बघितला. तो मी आधी फक्त काचेतून पाहिला होता. मुठी आवळलेल्या, कपाळावर आठ्या, कुणाचंही ऐकणार नाही असा. मी पुढे झाले आणि माझ्याच तोंडून निघालं, "नाही मॅडम, चूक नाही. ही माझी मुलगी आहे आणि ती पोहणार आहे."

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "मिलाग्रोस? कोण मिलाग्रोस? मी मिलाग्रोस!"

उंचपुरी, पस्तिशीतली, आवाज असा की बंदरावर ऐकू जावा. ही पेरूची. दुबईत शाळेत विज्ञान शिकवते, इंटरनॅशनल सिटीत राहते, आणि पहाटे तिकडून आणखी तिघींबरोबर एक गाडी करून आली होती. "आमच्या लिमात हे नाव पुकारलं तर अर्धा रस्ता वळून बघतो. सगळ्यांना मिली म्हणतात. इथे आले आणि पाच वर्षांत एकही मिली भेटली नाही!" तिने आतेचे दोन्ही गालांवर मुके घेतले, मिलाचे घेतले, आणि चुकून माझेही.

स्वयंसेविका हसायला लागली. तिने नंबर पुन्हा लिहिले. "ओके. तीन मिलाग्रोस. इन्शाल्ला, तिघी पूर्ण करा."

मिला मिलीकडे बघत होती. "यू डोन्ट हेट इट?" तिने विचारलं.

"नाव? वेडी आहेस का? माझ्या आजीचं आहे. तिने चार मुलं एकटीने वाढवली आणि साठीत गाडी चालवायला शिकली. कुणी हाक मारली की मला वाटतं, तिलाच मारतायत, मग मला ताठ चालावं लागतं."

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. शारजाच्या किनाऱ्यावर पोहण्याचा अंगभर पोशाख घालायचा असतो, तो आधीच घेऊन ठेवा. जेलीफिशपासूनही वाचवतो.

भोंगा वाजला आणि सगळ्या रंगीत टोप्या एकदम पाण्यात घुसल्या. समुद्रात एका रेषेत केशरी तरंगते बोये लावले होते, जाऊन वळून परत यायचं. पहिल्या बोयापर्यंत मिलाची पिवळी टोपी मला दिसत होती. मग वारा उठला, पाण्यावर सुरकुत्या पडल्या आणि वीस-पंचवीस पिवळ्या टोप्यांत माझी कोणती ते कळेना. निखिल दुर्बीण घेऊन उभा होता. "ती बघ." "नाही, ती नाही." "ती!" "तुला नक्की?" "अगं, नक्की नाही."

मी वाळूत उकिडवी बसले. माझा श्वास मला ऐकू येत होता. कितीतरी वेळाने निखिल एकदम ओरडला, "पुढे आहे! अगं, पुढे आहे ती!"

पिवळ्या टोप्यांतली तिसरी. पाण्यातून उठली, एकदा लाटेने पाडलं, पुन्हा उठली आणि वाळूतल्या शेवटच्या रेषेवरच्या कमानीखालून धावत गेली. सोळा वर्षांखालच्या मुलींत तिसरी! मी तिला मिठीत घेतलं तेव्हा ती धापा टाकत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. छान, खोल, मोठाले श्वास होते. त्या आवाजाची भीती न वाटता मी तो पहिल्यांदाच ऐकला.

"आई, यू आर क्रायिंग ऑन माय मेडल स्पॉट," ती म्हणाली.

मिली तिच्यामागून दहाएक मिनिटांत आली, नाचतच. आणि आते?

शेवटच्या बोयाच्या पलीकडे एक हिरवी टोपी, एकटीच. बाजूला सुरक्षेची होडी. ठरलेली वेळ संपली की मोठा भोंगा वाजतो आणि जे पाण्यात असतील त्यांना होडीत घेतात. होडीवरचा माणूस वाकून तिला काहीतरी विचारताना दिसला. हिरव्या टोपीशेजारून एक हात वर आला आणि जोरजोरात हलला. नाही, नाही, नाही. मग तो हात पुन्हा पाण्यात गेला.

मिलीने तोंडाभोवती हात धरले. "मि-ला-ग्रोस!"

मिलाने एकदा इकडेतिकडे पाहिलं आणि तीही ओरडली. पूर्ण नाव, तीनही तुकडे. मग पोहून आलेले, टॉवेल गुंडाळलेले, केळी खाणारे, मुलांना कडेवर घेतलेले, फिरायला आलेलं एक इमाराती कुटुंब, सगळे. अर्ध्या लोकांना वाटत होतं की ही काहीतरी घोषणा आहे. काही हरकत नाही. सगळा किनारा 'चमत्कार, चमत्कार' असं ओरडत होता.

गुडघाभर पाण्यात येऊन आते उभी राहिली, आणि मागून आलेल्या लाटेने तिला सपशेल पालथं केलं. मी धावलेच.

"हात लावू नका!" स्वयंसेविका माइकवर ओरडली. "हात लावला तर बाद!"

मिलाने माझा दंड धरला. आते चार पायांवर होती. नाकातोंडातून पाणी. तिने वर बघितलं, आम्हाला बघितलं आणि हसली. मग एक गुडघा, दुसरा गुडघा, आणि उभी. मिला एका बाजूने, मिली दुसऱ्या बाजूने, हातभर अंतर ठेवून चालत होत्या. कमानीखाली तिचं पाऊल पडलं आणि त्यानंतर भोंगा वाजला.

"वेळेत?" तिने विचारलं.

"वेळेत!" आम्ही सगळ्यांनी सांगितलं.

"यल्ला," म्हणजे चला, असं म्हणून आते वाळूत आडवी झाली.

दुपारी मिलीलाही बरोबर घेऊन मासळी बाजाराजवळच्या एका छोट्या हॉटेलात जेवलो. मालक रत्नागिरीचे, हसनभाई. आमचं मराठी ऐकून बाहेर आले. "कुठले तुम्ही? पुण्याचे? मग मिरची बेताची टाकतो." सुरमई तळून दिली, भात, सोलकढीसुद्धा. पोहून येणाऱ्या प्रत्येकाला मिळतं ते पदक तिघींच्या गळ्यात बघून त्यांनी विचारलं, "कोण जिंकलं?"

"मिलाग्रोस," मिला म्हणाली.

"कोणती?"

"सगळ्या."

त्यांनी पापलेटची एक प्लेट "ही आमच्याकडून" म्हणत आणून ठेवली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

रविवार: धरण आणि घर

रविवारी सकाळी आतेला खांदे उचलवत नव्हते, तरी तिला रफिसा धरण बघायचं होतं. गावापासून पंधरा-वीस मिनिटं. डोंगरांच्या खोबणीत हिरवं पाणी, भाड्याच्या छोट्या होड्या, बदकं. मुलं असतील तर लवकर जा, अकरानंतर पार्किंग मिळत नाही. आम्ही होडी घेतली. आम्ही तिघं वल्हवत होतो, आते मध्ये महाराणीसारखी बसली होती. मग तिला फुजैरात सोडलं आणि बोगद्यांतून परत निघालो. मिला मागे झोपली होती, अंगावर अजून मीठ.

घरी येऊन काय उरलं? दुखरे पाय निखिलचे, तो फक्त उभा होता. उन्हाने भाजलेलं नाक माझं. मिलाचा मिलीशी रोज गप्पांचा ग्रुप सुरू झाला, त्यात मला प्रवेश नाही. आणि मी आता तिला पोहायला सोडते तेव्हा काठावर बसत नाही, गाडीत पुस्तक वाचते. कधीकधी दोन पानं खरोखर वाचून होतात.

जूनमध्ये आते गेली. विमानतळावर आम्ही सगळे रडलो, आणि तिने सगळ्यांना रागावून गप्प केलं. महिन्याने तिच्या बेटावरून एक फोटो आला. सकाळचा समुद्र, कमरेएवढ्या पाण्यात आते, आणि तिच्याभोवती फेर धरून सात-आठ बायका. सगळ्या पन्नाशी-साठीच्या, सगळ्या अंगभर कपड्यांत, सगळ्या हसता हसता ओरडताना टिपलेल्या.

खाली तिने लिहिलं होतं, "आज नाक पाण्याखाली. उद्या डोकं."