दिल शब्दाची गाणी

वाशीममध्ये आमचा एक कराओके ग्रुप आहे. गाण्याचं संगीत तयार मिळतं, शब्द पडद्यावर सरकत जातात, आपण फक्त आपला आवाज घालायचा. यामुळे गावातल्या गाता न येणाऱ्या माणसांची फार मोठी सोय झाली. ग्रुपमध्ये निवृत्त बँकवाले आहेत, दोन वकील आहेत, औषधाचे दुकानदार आहेत, आणि एक कापडाचे व्यापारी शेठ आहेत. मी हायस्कूलला मराठी शिकवून निवृत्त झालो. माझा आवाज ऐकल्यावर सगळ्यांनी एकमतानं मला निवेदक केलं.

आमचे कार्यक्रम शब्दावर चालतात. म्हणजे एक शब्द घ्यायचा आणि तो ज्यांच्या नावात आहे तेवढीच गाणी म्हणायची. यामागे काही अभ्यास आहे असं श्रोत्यांना वाटतं. खरं कारण असं की शब्दामुळे प्रायोजक लवकर सापडतो. चष्म्याच्या दुकानदारानं खर्च उचलला तेव्हा आम्ही सगळी ‘आँखें’वाली गाणी घेतली. गादीवाल्यासाठी ‘रात’ घेतली. त्या कार्यक्रमात पहिल्या रांगेतले दोन पाहुणे गाढ झोपले आणि गादीवाल्यानं तो स्वतःचा सन्मान मानला. पाण्याच्या फिल्टरवाल्यासाठी ‘पानी’ झालं. मग गावात हृदयरोगाचे एक तरुण डॉक्टर आले, त्यांनी दवाखाना उघडला, आणि पुढचा शब्द कोणता यावर चर्चा करायची गरजच उरली नाही.

चर्चा झाली ती भाषेवर. मी मराठीचा मास्तर. बैठकीत म्हणालो, “नुसतं दिल दिल कशाला? आपल्याकडे हृदय आहे, काळीज आहे. त्या शब्दांची दोन-तीन गाणी तरी घेऊ.”

शेठनी लगेच हात वर केला. “सर, काळीज नोका घेऊ. आमच्या घरी तो शब्द उच्चारला तरी चालत नाई. खाटकाच्या दुकानात गेल्यासारखं वाटते.”

“आणि हृदय?”

“हृदय म्हनलं का माह्या पोटात गोळा येते. शाळेत चित्र काहाडा लागत होतं त्याचं.”

मराठीचा प्रश्न तिथंच मिटला.

या शेठबद्दल थोडं सांगायला हवं. साठी ओलांडलेले, भारदस्त, जैन घराण्यातले, सूर्यास्ताआधी जेवणारे आणि सूर्यास्तानंतर गाणारे. आवाज बरा होता, पण त्यांचा खरा जीव अभिनयात. गाण्यात घोडा आला की ते लगाम धरत. पत्र आलं की उलगडून वाचत, घडी करून खिशात ठेवत, आणि तेवढ्यात पुढची ओळ सुटून जाई. दिलाच्या कार्यक्रमासाठी त्यांनी दिल तुटल्याचं एक जुनं गाणं मागून घेतलं होतं. त्याच गाण्यावर एका वकिलांचा डोळा होता. बरीच तणातणी झाली. शेवटी वकिलांना दिल चोरीला गेल्याचं गाणं देण्यात आलं, आणि त्यांच्या व्यवसायाला तेच शोभतं असं सगळ्यांचं मत पडलं.

मीही तयारीला लागलो. कुठून कुठून शेर जमवले, उर्दू उच्चार घोटले. निवेदनाची सुरुवात मी अशी बांधली होती: दिल म्हणजे छातीतला अवयव नव्हे, दिल हा माणसाचा खरा पत्ता आहे. हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते बायकोला भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना, दोन-चार वेळा ऐकवलं. ती म्हणाली, “बरं.”

कार्यक्रम रविवारी दुपारी चारला मंगल कार्यालयात ठेवला होता. डॉक्टर पहिल्या रांगेत, बाजूला त्यांची पत्नी, मागं त्यांचा सगळा स्टाफ. मी अवयव आणि पत्त्याचं वाक्य टाकलं. टाळ्या पडल्या. डॉक्टरही हसले. वास्तविक ते वाक्य त्यांच्या धंद्याच्या मुळावर येणारं होतं, पण पाहुण्यानं हसायचं असतं.

गाणी सुरू झाली. कुणी दिल दिलं, कुणी परत मागितलं, कुणाचं हरवलं, कुणाचं मोडलं. औषधाच्या दुकानदारानं दिलाला आग लावली. एका दुपारी एवढ्या हृदयांची एवढी नासधूस झाली आणि तिचा सगळा खर्च हृदयाचे डॉक्टर करत होते.

मग शेठ आले. अंगात जरीचं जाकीट, वर दिव्यांचा प्रकाश, त्यामुळे मुखडा संपायच्या आतच घामानं निथळले. पहिल्या कडव्यात दिल तुटतं. तिथं शेठनी डावी छाती आवळली, डोळे फिरवले, एक गुडघा जमिनीला टेकवला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्या शिट्ट्यांनी शेठना चेव आला. त्यांनी दुसराही गुडघा टेकवला आणि आडवे झाले. माईक हातातून सुटून पडला आणि असा काही किंचाळला की सगळं कार्यालय एकदम गप्प झालं.

डॉक्टर खुर्चीवरून उठले आणि दोन ढांगांत स्टेजवर आले. ते धावले म्हटल्यावर सगळ्यांची खात्री पटली. बायका ओरडू लागल्या. शेठ पडल्या पडल्या म्हणत होते, “अरे अॅक्टिंग हाये बाप्पा, अॅक्टिंग हाये!” पण माईक बंद पडला होता. संगीत मात्र चालूच होतं, पडद्यावर दुसऱ्या कडव्याचे शब्द एकामागून एक रंग बदलत निघून गेले.

आम्ही चौघांनी शेठना उचललं. माझ्या वाट्याला पाय आले. शेठ वजनदार माणूस, त्यात ते सुटायची धडपड करत होते. डॉक्टर म्हणाले, “घाबरतात पेशंट अशा वेळी, सोडू नका.” आम्ही सोडलं नाही. त्यांना डॉक्टरांच्या गाडीत कोंबलं, मी बाजूला बसलो, आणि श्रोत्यांत बसलेली माझी बायको कधी मागच्या सीटवर येऊन बसली ते मला कळलंही नाही.

दवाखान्यात पोचेपर्यंत शेठ लालबुंद झाले होते. आजारानं नव्हे, रागानं. पलंगावर बसले पण झोपायला तयार होईनात. “मले काई झालं नाई. एवढ्या मुश्किलीनं भेटलेलं गानं तुमी आर्ध्यात तोडलं!”

डॉक्टर समजावत होते, “शेठ, दोन मिनिटांचं काम आहे. नुसता ईसीजी काढायचा. काही दुखत नाही.”

शेठनी आयुष्यभर लोकांना कापड आधी हात लावून पाहायला दिलं होतं. ते म्हणाले, “आधी या सरचा काढा. मी पाह्यतो कसा काढते तो. मंग माहा.”

मला हसू आलं. वेळ वाचावा म्हणून मी सदरा काढून बाजूच्या पलंगावर आडवा झालो. सिस्टरनं छातीला गार गार चकत्या चिकटवल्या. मी शेठकडे पाहून म्हणालो, “बघा, गुदगुल्या होतात फक्त.” मशीनमधून कागदाची पट्टी बाहेर आली. सिस्टरनं ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि डॉक्टरांना हाक न मारता त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

डॉक्टरांनी पट्टी पाहिली. म्हणाले, “परत काढा.”

परत काढली. आता शेठही पलंगावरून उतरून पट्टीकडे वाकून पाहू लागले.

“सर, चालताना, जिना चढताना छातीत दाटल्यासारखं होतं का?”

“छे,” मी म्हणालो. “खांदा दुखतो थोडा. फळ्यावर लिहून लिहून मास्तरांचा दुखतोच.”

दाराशी उभी असलेली माझी बायको पुढं आली. “लबाड बोलून राह्यले हे, डॉक्टरसाहेब. भाजी आनाले गेले का चौकापासून घरापर्यंत तीन जागी थांबते. थांबले का खिशातून फोन काढते, कानाले लावते, आन् कोनासंग बोलून राह्यलो असं दाखवते. फोन आलेलाच नसते.”

मला वाटत होतं हे कुणाला माहीत नाही. मी स्वतःला तरी कुठं नीट सांगितलं होतं? तिनं ते चार माणसांत इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला छातीपेक्षा चेहरा लपवावासा वाटला.

डॉक्टर माझ्या पलंगावर टेकले. “सर, तुमच्या हार्टला रक्त कमी पडतंय. आज इथं थांबायचं नाही. अकोल्याला जायचं, लगेच.”

हार्ट. दुपारपासून त्या एका वस्तूची शेकडो वेळा नावं घेतली होती, शेरांसकट. पण वेळ आली तेव्हा ते दिल नव्हतं, हृदय नव्हतं आणि काळीज तर नव्हतंच. नुसतं हार्ट, एखाद्या मोटारीच्या सुट्या भागासारखं.

शेठनी हळूच विचारलं, “अन् माहा ईसीजी?”

“तुम्ही घरी जा शेठ. एवढ्या जोरात भांडणाऱ्या माणसाचा ईसीजी उद्या काढला तरी चालतो.”

पण शेठ घरी गेले नाहीत. अॅम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले, तेच जरीचं जाकीट घालून. रस्त्याभर मधल्या खिडकीतून मागं वळून विचारत, “सर, कसं वाटून राह्यलं?” मी म्हणे, ठीक. ठीक अजिबात नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि ती कोणत्याही गाण्यात असते तशी गोड वगैरे नव्हती. बायको माझा पाय धरून बसली होती, कारण हाताला सलाईन होतं. मालेगाव मागं पडलं तेव्हा एवढंच म्हणाली, “गॅसवर दूध ठेवून तं नाई ना आलो आपन?” तिला नक्की माहीत होतं की नाही ठेवलेलं. मलाही माहीत होतं. तरी आम्ही दोघांनी त्या दुधाचा पार मेडशीपर्यंत विचार केला, आणि ते बरं झालं.

अकोल्याला तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर माझ्या रक्ताच्या नळ्या दाखवल्या, एक जवळजवळ बंद, दुसरी त्या वाटेवर. स्टेंट बसवले. चार दिवसांनी मी वाशीमला परत आलो.

इकडं वेगळाच प्रकार झाला होता. कार्यक्रमात कुणीतरी शेठचा फोटो काढला होता, छाती धरून गुडघ्यावर बसलेले, जरीचं जाकीट चमकतंय. तो फोटो गावभर मोबाइलवर फिरला, मग एका स्थानिक पेपरात छापून आला. खाली मजकूर होता की गाताना गायकाला हृदयविकाराचा झटका आला आणि डॉक्टरांच्या प्रसंगावधानानं प्राण वाचले. सोबत डॉक्टरांचाही फोटो. बातमी चुकीची होती, पण त्यात डॉक्टरांचं नाव बरोबर होतं, त्यामुळे दुरुस्ती कुणी मागितली नाही.

शेठच्या दुकानात भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. शेलूबाजारचे पाहुणे आले, मानोऱ्याचे आले, पुण्याहून लेक रजा काढून आली. लोक केळी, मोसंबी, नारळपाणी घेऊन येत. शेठ प्रत्येकाला सांगत, “मले नाई झालं बाप्पा, सरले झालं.” पाहुणे मान हलवत आणि लेकीला बाजूला घेऊन सांगत की यांनी अजून स्वीकारलेलं नाही, जपा. दुकानात कापडाच्या ठाणाला हात लावायला त्यांना कुणी देईना. पहिला आठवडा ते चिडले. दुसऱ्या आठवड्यात उत्तर देणं सोडलं. तिसऱ्या आठवड्यात मी दुकानावरून गेलो तर गादीवर लोडाला टेकून बसले होते, डावा हात छातीवर, समोर नारळपाणी. मला पाहून त्यांनी तो हात हळूच खाली घेतला.

माझ्याकडेही माणसं आली. बहुतेकांनी आत येऊन, खुर्ची ओढून, काळजीनं विचारलं, “सर, तुमी होते ना संग? आता शेठ कसे हाये?”

मी सांगत असे, बरे आहेत.

एका दुपारी अशीच मंडळी येऊन गेली. मी पलंगावर पडलो होतो, बायको तूर निवडत होती. मी तिला विचारलं, “तुले माहीत होतं मी रस्त्यात थांबतो, तं आधी काहून नाई बोलली?”

तिनं सुपातून मान वर केली नाही. “बोलली ना. दोन खेप बोलली. डॉक्टरले दाखवा म्हनलं. तुमी शेर पाठ करून राह्यले होते.”

“काय म्हनलो मी?”

“म्हनले, वा.”

आठवून पाहिलं. मला खरंच आठवेना. तिचं बोलणं आठवेना, आणि माझं ‘वा’ही आठवेना. थोड्या वेळानं विचारलं, “आनखी काय काय सांगतलं होतं तू, जे मी ऐकलं नाई?”

“कायले आता?”

“सांग तं खरं.”

तिनं सूप बाजूला ठेवलं. आधी अंदाज घेतला, मी मस्करी तर करत नाही ना. मग सांगू लागली. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल येते. तिच्या बहिणीच्या जावयाची नोकरी गेली आहे आणि बहीण आमच्या फोनची वाट पाहते. निवृत्तीनंतर मी घरी असतो म्हणून ती शेजारणीकडे जायची बंद झाली, ते तिला आवडत नाही. तिचा उजवा गुडघा दिवाळीपासून सुजतो आणि जिना उतरताना ती कठडा धरून एक एक पायरी उतरते. हे मी रोज पाहत होतो, आणि मला वाटे ती सावकाश चालणारी बाई आहे.

मी पलंगावर उठून बसलो. चार वाजले, तिनं चहा ठेवला, बिनसाखरेचा, आणि चहा पिता पिता उरलेलं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटो बोलावला आणि आम्ही हाडांच्या डॉक्टरकडे गेलो.