सकाळची पाठ

मापानं सायकल बनवून घेणं इतकं डोकं खाईल हे कुणी आधी सांगितलं असतं, तर मी दुकानातून आयती उचलली असती. खोटं कशाला बोलू, नसतीच उचलली. आयती एक होती माझ्याकडं, अॅल्युमिनियमची. चाकणच्या रस्त्याचा एकेक खड्डा ती थेट माझ्या कमरेत आणून सोडायची. स्टीलची फ्रेम निम्मा धक्का स्वतः गिळते असं सगळे म्हणत होते, आणि स्टीलशी आपली ओळख जुनी. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. गाड्यांचे पार्ट तपासायचे आणि मापात नसतील तर परत पाठवायचे, हे माझं काम. पार्ट पुरवणारे मला मनातल्या मनात काय म्हणत असतील ते मला ठाऊक आहे, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

तळवड्यात एकजण स्वतःच्या शेडमध्ये अशा फ्रेम बनवतो. तिथल्याच जुन्या घरातला, साधारण माझ्याच वयाचा, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. पहिल्याच फोनवर म्हणाला, "दादा, एकदा का नळ्या जोडल्या की मग बदल न्हाई. काय त्ये आत्ताच ठरवा." झालं, तिथून माझी झोप उडाली.

ठरवायचं तरी किती. टायर किती जाड बसला पाहिजे, मडगार्ड लावायला भोकं ठेवायची का, बाटल्या दोन का तीन, ब्रेकची केबल नळीच्या आतून का बाहेरून. मी जेवताना मडगार्डवर बोलायचो, आंघोळीहून येताना बाटल्यांवर. बायको एकदा म्हणाली, "अहो, आपलं लग्न ठरवताना तरी एवढा विचार केला होतात का?" मी म्हटलं, "तो आईनं केला होता." ती हसली, पण विषय तिनं ओळखला होता. बाटल्यांची मला काडीचीही काळजी नव्हती. मी एका नळीचं नाव टाळत होतो.

ती म्हणजे पुढची, हँडलची दांडी जिच्यातून जाते ती छोटी नळी. हेड ट्यूब. ती आखूड ठेवली की हँडल खाली येतं, माणूस वाकून बसतो, सायकल शर्यतीची दिसते. लांब ठेवली की हँडल वर आणि माणूस ताठ. मला वाकून चालवायची सायकल हवी होती. आणि माझे मणके हळूहळू एकमेकांना चिकटत चालले आहेत. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी या दुखण्याचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं होतं, आणि "व्यायाम सोडू नका" असंही. मी नाव सोडलं आणि व्यायाम धरला. रविवारी देहूच्या पुढं जाऊन यायचं, वाकून, वाऱ्याच्या खाली. तेवढं जमतंय तोवर मला काही झालेलं नाही, असा माझा हिशेब होता.

माप द्यायला रविवारी दुपारी जायचं ठरलं. सकाळपासून मी तयारीला लागलो. दोनदा कढत पाण्यानं आंघोळ, मग गोळी, मग अंगणात ताण देणं. बायको दारातून बघत होती. मग "मी पण येते" म्हणाली. ती आजवर सायकलीच्या कुठल्याच कामाला आली नव्हती, तेव्हाच मला धास्ती वाटायला हवी होती.

शेडमध्ये एक उभा सांगाडा होता, सीट आणि हँडल खालीवर सरकवता येतील असा. तो त्याला घोडा म्हणायचा. मी घोड्यावर बसलो, त्यानं हँडल खाली घेतलं, मी वाकलो. आणखी खाली घेतलं, मी आणखी वाकलो. कंबर आतून ओरडत होती, पण चेहरा मी सरळ ठेवला. तो खूश झाला. "व्हय दादा, तुमचं अंग लवचिक हाय की. आखूड हेड ट्यूब घेऊ. लई देखणी हुईल." मला इतका आनंद झाला की मी मडगार्डच्या भोकांना तिथल्या तिथं हो म्हणून टाकलं.

तेव्हा बायको म्हणाली, "भाऊ, सकाळी यांना मोजे मी घालते."

तो माझ्याकडं बघायला लागला. मी घोड्यावरच होतो, आणि उतरताही येईना, कारण उतरताना कंबर धरावी लागली असती.

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्याला ऑडिट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी फरशीवर पिवळे पट्टे नव्यानं ओढतात, मोडकी मापं स्टोअरच्या मागं दडपतात, एरवी चपलेवर फिरणाऱ्यांना बूट मिळतात. पाहुणा फाटकाबाहेर गेला की बूट परत. हा फ्रेमवालाही वेल्डिंगचं काम करत कंपनीत वर्षं काढून आलेला. त्याला एकच शब्द पुरला.

"ऑडिट केलंत व्हय दादा?"

मला संताप आला. त्याचा नाही, तिचा. घरी आल्यावर बोललो ते न बोललेलं बरं होतं. चारचौघांत माझी शोभा केलीस म्हणालो. ती भाजी निवडत होती. "चारचौघं कुठं होते? एक तो आणि एक मी. आणि मला काय नवीन कळलं त्यात?" म्हणाली. मग हात थांबवून म्हणाली, "तुम्ही वाकताना तोंड कसं करता ते मला दिसतं हो. मला भीती वाटते." मलाही वाटत होती. तेव्हा ते तिला सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी उठल्या उठल्या गेलो. आंघोळ नाही, गोळी नाही. मोजे तिनं घातले, स्कूटर तिनंच चालवली. आमच्या चिखलीपासून तळवड्यापर्यंत रात्रपाळी सुटलेल्यांच्या बस समोरून येत होत्या आणि मी मागं लाकडासारखा बसलो होतो. माझं सकाळचं अंग घराबाहेर कुणीच पाहिलं नव्हतं. शिफ्टलासुद्धा मी तासभर आधी उठून मऊ होऊन जातो.

घोड्यावर पाय टाकता येईना, तर त्यानं सीट खाली केली. मी हात पुढं केले, ते पोचेनात. त्यानं हँडल वर घेतलं. पोचेनात. आणखी वर घेतलं. इतका बडबड्या माणूस, पण पान्याचा तेवढा आवाज येत होता. शेवटी माझी बोटं हँडलवर टेकली. त्यानं गेल्या खेपेच्या खुणेवर हात आडवा धरला आणि म्हणाला, "चार बोटं वर आलं, दादा."

"नळी आखूडच ठेवून हँडलखाली रिंगा टाकल्या तर भागणार नाही?"

"एवढ्या न्हाई भागणार. नळीच लांब पायजे. दिसंल जरा उंच."

"दिसू दे," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "याच मापाची करा. सकाळी चढता आलं पाहिजे."

त्यानं मान हलवली, खडूनं नवी खूण केली, जुनी अंगठ्यानं पुसली. मग नेहमीसारखं सांगू लागला. आधीची कामं आहेत, नळ्या मागवायच्या आहेत, पाचसहा महिने सहज जातील. आणि बोलता बोलता, पार्टाबद्दल विचारावं तितक्या सरळपणे त्यानं विचारलं, "तवर पाठ हीच ऱ्हाईल ना?"

हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नव्हतं. बायकोनं मला विचारलं नव्हतं. ती स्कूटरची किल्ली हातात धरून माझ्याकडं बघत होती.

"माहीत नाही," मी म्हणालो. "तुम्ही जरा लवकर करा."