धायरीच्या गाढवांची सर्दी

धायरीत शेतं जाऊन इमारती उगवायला लागल्या, तेव्हा मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नुकतीच डॉक्टर म्हणून लागले होते. एका सकाळी एक बाई आली. नवरा गेल्यावर सात गाढवांवर वाळू-विटा वाहून ती घर चालवत होती.

"डॉक्टरबाई, दोन गाढवांच्या नाकातनं पू येतोय. जबड्याखाली गाठ हाय. खातबी न्हाईत."

आमचे साहेब चहा बशीत ओतत म्हणाले, "गाढवाला सर्दी? शाल पांघरा म्हणावं." आणि विनोदावर खूश होऊन त्यांनी दुसरा कप मागवला.

ती वाळू वाहत होती त्या बांधकामावर मी गेले. दोन्ही गाढवं तापानं फणफणली होती, श्वास घेताना घरघरत होती. हा रोग एकाकडून दुसऱ्याला लागणारा. आजारी गाढवं वेगळी बांधा, त्यांची बादली वेगळी ठेवा, बाकीच्यांनाही कामाला लावू नका, असं मी सांगितलं.

ठेकेदार ऐकत होता. "अहो मॅडम, मजुरांना ताप आला तरी मी काम थांबवत नाही."

"हो, आपली कीर्ती ऐकून आहे," मी म्हणाले.

त्यानं वारज्याहून दुसरी चार गाढवं आणवली आणि आजारी गाढवं प्यायली होती त्याच टाकीवर पाणी पाजलं. काटकसरी माणूस.

बाई मात्र सांगितलं तसं करत राहिली. रोज गाठी शेकायची, कोंडा भिजवून हातानं भरवायची. एका गाढवाची गाठ पिकली, ती मी फोडली; अर्धा पू माझ्या साडीवर आला. ते वाचलं. दुसऱ्याची सूज घशात आत उतरली. भर दुपारी ते मान लांब करून हवा ओढत राहिलं आणि आमच्यासमोर गेलं. बाईनं त्याच्या कानावरच्या माश्या हाकलल्या. मेल्यानंतरही बराच वेळ हाकलत होती.

दहाएक दिवसांनी ठेकेदार दवाखान्यात आला. वारज्याची चारही खोकत होती.

"आपण जरा येऊन जाल का?"

"मजुरांना काय देता तापावर?" मी विचारलं.

मी गेले अर्थातच, गाढवांनी माझं काय वाईट केलं होतं? चारही बरी झाली, इमारत मात्र रखडली.

बाईची सहा हिंडूफिरू लागल्यावर ठेकेदारानं तिला कामावर परत ये म्हणून निरोप धाडला. पण तिनं तोवर खडकवासल्याकडे दुसरं काम धरलं होतं.

"तिथं टाकी कशी आहे?" मी विचारलं.

"टाकी कशाला? कालवा हाय की वाहता," ती म्हणाली आणि गाढवं हाकत निघाली.