तळघरातला घाट

सांगतो, पण एक अट आहे. हसायचं ते इथेच, माझ्या तोंडावर हसा. घरी जाऊन बायकोमुलांना सांगून हसलात, तर पुढच्या रविवारी हा चहा बंद. आधीच अर्ध्या कर्वेनगराला हे माहीत झालंय, उरलेल्या अर्ध्याला तरी मला तोंड दाखवू द्या.

माझं वेड तुम्हाला ठाऊक आहेच. रेल्वे! खरी नाही हो, टेबलावरची. बोटभर उंचीचं इंजिन, तेवढेच डबे, खिळ्यांनी ठोकलेले रूळ. निवृत्त झाल्यावर लोक टेकडीवर जातात, हास्यक्लबात जातात. मी डायनिंग टेबलावर रूळ जोडत बसायचो. शेवटी एक दिवस आमच्या वंदनाबाई म्हणाल्या, ‘‘या टेबलावर एक तर ही गाडी जेवेल, नाहीतर तुम्ही. काय ते ठरवा.’’

मी तळघरात उतरलो. दुसरा मार्गच नव्हता.

आमच्या रो-हाउसला तळघर आहे म्हणजे काय, तर खाली एक खोली होती आणि तिला ओल होती. गाद्या, मोडकी सायकल, मुलाचं लहानपणचं टेबल, सगळं तिथे कुजत पडलेलं. ते उपसलं. भिंतींचं वॉटरप्रूफिंग केलं, पुट्टी मारली, ट्यूबलाइट लावल्या. एका भिंतीला कामाचं टेबल, त्यावर करवती, ड्रिल, सगळं जागच्या जागी. बाकीच्या जागेत रेल्वे. स्टेशन झालं, पूल झाला, राहिला फक्त घाट.

आणि घाट म्हणजे माझा जीव की प्राण! थर्मोकोलवर गोणपाट, गोणपाटावर प्लास्टर, आत बोगदा. दोन्ही हातांत मावणार नाही एवढा डोंगर झाला होता. तो भिंतीला चिकटवायचा, गम सुकेपर्यंत कोणीतरी धरून ठेवायचा आणि मग खालून प्लास्टरने पक्का करायचा. एकट्याचं काम नव्हे. आमच्या नेहमीच्या सुतारांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘मी गावाला आहे. रविवारी सकाळी माणूस पाठवतो. प्लास्टरचं पोतंही तोच आणेल.’’

आता रविवारच का? तर तो सुतारांना सोयीचा होता म्हणून. पण त्याच रविवारी घरी कोण येणार होतं, माहीत आहे? आमच्या सुमेधचे होणारे सासरे!

इथे जरा नीट ऐका. सुमेधचं आणि प्राजक्ताचं जमलेलं जुनं आहे. पण आम्ही बौद्ध, ते खडकवासल्याच्या बाजूचे शेतकरी, गाव आता शहरात आलंय एवढंच. तिचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते काही केल्या हो म्हणेनात. पोरगी रडली, रुसली, आईने मध्यस्थी केली, तेव्हा कुठे म्हणाले, ‘‘एकदा घर बघतो, माणसं बघतो, मग सांगतो.’’ त्या एका भेटीवर पोराचं लग्न लटकलेलं. आम्ही कोणीच त्यांना पाहिलेलं नव्हतं.

सकाळी सुमेध प्राजक्ताला आणि तिच्या आईला आणायला निघाला. वंदना वाटेत मिठाई घ्यायची म्हणून त्याच्या गाडीत बसली. जाताना मला म्हणाली, ‘‘अण्णा शेतावरून परस्पर येणार आहेत. आमच्या आधी पोचले तर गोड बोला. तुमचं ते खवचट बोलणं आजच्या दिवस कपाटात ठेवा. आणि त्यांना रेल्वे दाखवू नका!’’

‘‘मला कळतं,’’ मी म्हणालो.

कळत होतं म्हणून तर मी व्यवस्था लावून ठेवली होती! फाटकावर पाटी: ‘पाहुण्यांनी बेल वाजवावी. कामाच्या माणसांनी मागच्या जिन्याने थेट तळघरात यावे. उगाच हाका मारू नयेत.’ पुढून आला तो व्याही, मागून आला तो कामाचा. गोंधळ व्हायचा प्रश्नच नाही. नाही का?

मी खाली ड्रिल चालवत होतो. मागच्या जिन्यावर पावलं वाजली. बघतो तर खांद्यावर पोतं घेतलेला एक माणूस. पायजमा, मळका शर्ट, केसांत धूळ.

‘‘रामराम,’’ तो म्हणाला. ‘‘वरती कुणी दिसंना. आवाज आला म्हून हिकडून आलो.’’

‘‘बरोबर आलात. उशीर केलात पण.’’

तो बिचारा ओशाळला. ‘‘मळणी चालू हाय, त्यामुळं जरा...’’

‘‘मळणी तुमची, खोळंबा माझा! पोतं ठेवा तिकडे कोपऱ्यात. चपला काढा. हात धुतलेत का?’’

त्याने हात धुतले. मग इकडे तिकडे बघत म्हणाला, ‘‘घर चांगलं हाय.’’

‘‘घर बघायला बोलावलं नाही तुम्हाला,’’ मी म्हणालो.

आठवलं की आजही घाम फुटतो हो मला. घर बघायलाच बोलावलं होतं त्या माणसाला!

पण तेव्हा मी तोऱ्यात. त्याच्या हातात ब्रश दिला आणि डोंगरामागच्या भिंतीवर आकाश रंगवायला लावलं. त्याने रंगवलं, म्हणजे निळा रंग थोडा भिंतीला लावला आणि बाकीचा स्वतःच्या डोक्यावर घेतला. असला अडाणी हात मी जन्मात पाहिला नव्हता.

‘‘अहो, हे काय? कधी ब्रश धरला होता की नाही?’’

‘‘नाही,’’ तो म्हणाला.

‘‘मग आलात कशाला?’’

तो पुन्हा रंगवायला लागला. मला वाटलं, चला, निदान उलटून बोलत नाही! बाकी माणूस ऐकून घेणारा होता. माझ्या घरात रेल्वेबद्दल दोन वाक्यं बोललो की माणसं उठून जातात. याला मी गाडी चढावर का घसरते, बोगद्याला बाक किती लागतो, सगळं सांगितलं. तो ‘हां, हां’ करत होता. मग मीही खुलत गेलो. मध्येच त्याने विचारलं, ‘‘मंडळी कधी येणार?’’ मी म्हटलं, ‘‘तुम्हाला काय करायचंय? तुम्ही काम बघा.’’

रंग जरा सुकला, तसा मी डोंगराला गम लावला. दोघांनी मिळून तो उचलून भिंतीला टेकवला. त्याचे हात वर पुरेनात. मी म्हटलं, ‘‘त्या पोत्यावर उभे राहा.’’

‘‘त्याच्यावर पाय नगं.’’

‘‘अहो, पोतंच आहे ना?’’

‘‘नगं,’’ तो म्हणाला, आणि टाचा उंचावून तसाच उभा राहिला. दोन्ही हात वर, हातांत माझा घाट. म्हटलं, असेल बाबा काही नवससायास, आपल्याला काय!

तेवढ्यात वर बेल वाजली.

व्याही आले! मी त्याला म्हटलं, ‘‘मी येईपर्यंत सोडायचं नाही. गम सुकायला वेळ लागतो. हललात तर सगळा डोंगर खाली येईल.’’ आणि धावत वर गेलो.

दारात पन्नाशीचा माणूस. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोळ्यांना गॉगल, हातात चामड्याची बॅग. वा! शेतकरी म्हणून काय अपेक्षा केली होती आणि काय रुबाब!

‘‘या, या, या! तुमचीच वाट बघत होतो. बसा ना. तिथे नाही, इथे पंख्याखाली बसा.’’

‘‘काम कुठं—’’ तो म्हणायला लागला.

‘‘काम राहू द्या हो! आधी पाणी घ्या. प्रवास नीट झाला?’’

‘‘प्रवास कसला, वारज्यावरून तर आलो.’’

बरोबर! खडकवासल्याहून वारज्यावरूनच येणार ना? माझी खात्री पटली. वंदनाने ठेवलेल्या कोथिंबीर वड्या काढल्या, गुलाबजाम काढले. त्याने एकदा वड्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि खायला सुरुवात केली.

‘‘तुमच्याबद्दल फार ऐकलंय. कष्टाळू माणूस!’’ मी म्हणालो.

‘‘ते आहेच. हातात घेतलेलं काम आपण सोडत नाही.’’

‘‘वा! मुलांवर तेच संस्कार होतात.’’

‘‘दोन्ही पोरं याच लाइनीत आहेत,’’ तो म्हणाला. प्राजक्ता तर आयटीत. आणि दुसरं पोरगं कोण? पण मला विचार करायला सवड कुठे होती? मी वड्या वाढत होतो.

‘‘साहेब, ते तळघरातलं दाखवता का? मला दुपारी दुसरीकडे जायचंय.’’

काय सांगू तुम्हाला मला काय वाटलं! व्याह्याला माझ्या रेल्वेची ओढ! आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं. दुपारी जायचंय म्हणजे काय? जेवणार नाहीत? बिनसलं की काय काही?

‘‘असं कसं! जेवल्याशिवाय सोडणार नाही. तळघराचं म्हणाल तर खाली मी एक माणूस लावलाय. अगदीच ठोंब्या आहे, पण डोंगर धरून उभा आहे बिचारा.’’

‘‘माणूस लावलाय? मग मला कशाला...’’

‘‘तुम्ही पाहुणे! तुम्ही फक्त खायचं.’’

त्याने खांदे उडवले आणि आणखी एक गुलाबजाम घेतला.

एवढ्यात फाटक वाजलं. सुमेध, वंदना, मागे प्राजक्ता आणि तिची आई. मी विजयी मुद्रेने वंदनाकडे पाहिलं. बघ, किती गोड बोलतोय! प्राजक्ता आत आली, इकडेतिकडे बघून म्हणाली, ‘‘काका, अण्णा कुठे आहेत? त्यांची गाडी बाजूला उभी आहे.’’

‘‘कुठे म्हणजे? हे काय इथे!’’

तिने सोफ्यावरच्या माणसाकडे पाहिलं. त्याने तोंडातला गुलाबजाम गिळला.

‘‘हे कोण?’’ प्राजक्ता म्हणाली.

‘‘मी योगेश,’’ तो म्हणाला. ‘‘सुतारांनी पाठवलंय. पोतं टेम्पोत आहे. मागचा जिना सापडेना म्हणून बेल वाजवली, तर हे साहेब काम दाखवायलाच तयार नाहीत!’’

आणि नेमका तेव्हाच खालून आवाज आला.

‘‘अहो साहेब! सोडू का आता?’’

प्राजक्ताची आई म्हणाली, ‘‘अगं बाई, हे तर आमचे हे!’’

आम्ही सगळे खाली. पुढे मी, कारण मागून वंदना ढकलत होती. अण्णा टाचा उंचावून उभे, हात वर, अंग थरथरतंय, डोकं निळं. कोपऱ्यात पोतं, ज्यावर ते पाय ठेवत नव्हते. त्यात नवा इंद्रायणी तांदूळ होता. व्याह्यांच्या घरी पहिल्यांदा जायचं म्हणून स्वतःच्या शेतातला, स्वतःच्या खांद्यावरून आणलेला! हातपाय धुऊन बदलायला स्वच्छ कपडे त्यांनी गाडीत ठेवले होते. मी ती वेळच येऊ दिली नव्हती.

‘‘अण्णा, तुम्ही बोलला का नाहीत?’’ प्राजक्ताला रडू येत होतं की हसू, कळेना.

‘‘काय बोलणार? मला वाटलं, शहरातली माणसं, पारखून घेत असतील. मुलीचा बाप, नाही कसं म्हणायचं?’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘सोडू का?’’

सुमेध आणि योगेशने डोंगर धरला. मी हात जोडले. खरंच सांगतो, पाय धरायलाही वाकलो होतो. माझ्या पोराचं लग्न मी माझ्या तोंडाने मोडलं होतं, आणि तेही दोन शब्द गोड बोलायचे एवढंच एक काम दिलेलं असताना! वंदना तर भिंतीला टेकून उभी राहिली.

अण्णांनी खांदे चोळले. डोक्याला हात लावून तो निळा हात बघितला. मग बायकोला म्हणाले, ‘‘मी काय म्हणत होतो तुला? ही शिकलेली माणसं, आपल्याशी मोजून-मापून बोलणार, वरवरचं हसणार, आपल्याला घरचं मानणार नाहीत. म्हून तर नको म्हणत होतो.’’

त्यांनी निळा हात पायजम्याला पुसला.

‘‘पण परक्यावर कोण असं वरडतंय?’’ अण्णा म्हणाले, आणि जे हसायला लागले! योगेशसुद्धा हसला. वंदना रडली. मग अण्णा म्हणाले, ‘‘ती गाडी चालू करा आधी. मगापासून नुसतं ऐकतोय.’’ जेवणं थंड झाली तरी आम्ही दोघं वर गेलो नाही.

लग्न ठरलं. तांदळाचा त्याच रात्री भात झाला. मला वाटलं, सुटलो.

सुटतोय कुठला! अण्णांनी लग्नात त्यांच्या सगळ्या गावाशी माझी ओळख करून दिली, ती काय म्हणून? व्याही म्हणून नाही. ‘‘हे आमचे मुकादम!’’ नुसतं तेवढंच, पुढे एक शब्द नाही. लोकांनी मुकादमाला नमस्कार केला आणि पुढे गेले. वीस माणसांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला.

पंगती चालू असताना त्यांच्या गावची एक म्हातारी आत्या तरातरा माझ्याकडे आली. हातात मानाचा फेटा.

‘‘अहो मुकादम, उभं काय ऱ्हायलाय? नवरदेवाचा बाप कुठं दिसंना. हुडकून आणा त्याला!’’

असा काही दरारा होता तिच्या आवाजात की मी ‘‘आणतो, आणतो,’’ म्हणालो आणि निघालो. स्टेजमागे पाहिलं, पार्किंगात पाहिलं. आणि खोटं कशाला बोलू, दोघातिघांना विचारलंसुद्धा!