काका आणि कार्निव्हल

नियमांवर माझ्या नवऱ्याच्या थोरल्या काकांइतकं मनापासून प्रेम करणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा नसेल. तीस वर्षं ट्रॅफिक इंजिनिअर म्हणून त्यांनी पार्सिपनीकडचे सिग्नल आखले, आणि निवृत्त झाल्यावर ते सिग्नल नीट चालतात ना, हे बघायला ते रोज फिरायला जात. रस्ता कितीही रिकामा असो, दिवा बदलल्याशिवाय काका ओलांडत नसत. एकदा आमच्या गणपतीला गर्दी झाली, तेव्हा त्यांनी दारात उभं राहून पाहुण्यांना डावीकडून आत आणि उजवीकडून बाहेर सोडलं. प्रसाद दुसऱ्यांदा घेणारे दोघे पकडले. त्यातला एक माझा नवरा होता.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी, ईशा, फार्मसी अर्धवट सोडून न्यू ऑर्लिन्सच्या एका शाळेत बँड शिकवायला गेली. काका एवढंच म्हणाले, "बँड लग्नात असतो." त्यानंतर चार वर्षं बापलेक फोनवर फक्त हवामानाबद्दल बोलत होते. त्यामुळे ईशाने कार्निव्हलच्या वीकेंडला आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि काका 'येतो' म्हणाले, तेव्हा मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

चाळीस वर्षं अमेरिकेत काढूनही न्यू ऑर्लिन्स काकांना परदेशच वाटलं. टॅक्सीवाल्याने जांभळा विग घातला होता. काकांनी त्याला लायसन्सवरचा फोटो दाखवायला लावला. हा सगळा प्रकार कशासाठी, असं विचारल्यावर ईशा म्हणाली, "बाबा, बुधवारपासून लोकांचे फास्ट सुरू होतात, सो त्याआधी मजा."

"म्हणजे गटारी," काका म्हणाले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

रविवारी मिरवणूक होती. रथांवरून लोक मण्यांच्या माळा फेकत होते. पहिली माळ काकांच्या खांद्यावर पडली. ती घेऊन काका रस्त्याकडेला लावलेल्या कठड्याच्या बाजूने धावत सुटले, "एक्स्क्यूज मी, सर! यू ड्रॉप्ड धिस!" रथावरच्या माणसाने खूश होऊन आणखी तीन फेकल्या. अर्ध्या तासाने काकांनी नाद सोडला आणि जमलेल्या माळा रंगांप्रमाणे लावून कठड्यावर टांगल्या.

मग ईशाच्या शाळेचा बँड आला. नेमकी तिथेच गर्दी रस्त्यात घुसली. हातात बिअर घेतलेला एक जण मुलांच्या रांगेत शिरून नाचायला लागला, त्याच्या धक्क्याने मोठ्या ढोलाची मुलगी गुडघ्यावर पडली. ईशा हात पसरून ओरडत होती, पण ऐकतंय कोण. मी वळून पाहिलं, तर काका शेजारी नव्हते. 'ओलांडू नये' लिहिलेल्या कठड्याखालून वाकून ते पलीकडे पोचले होते. मुलीला उठवून त्यांनी हात आडवा धरला. "वन स्टेप बॅक, प्लीज." स्वेटर घातलेला हा म्हातारा कुणीतरी अधिकारी असणार, असं समजून लोक मुकाट्याने मागे सरले. बिअरवालाही सरला.

काका बँडच्या कडेने चालत राहिले.

"बाबा, यू कॅन स्टॉप नाऊ," ईशा म्हणाली.

"पुढे वळण आहे."

अशी बरीच वळणं आली. शेवटी शाळेच्या बसपाशी ते फुटपाथवर बसले, तेव्हा टाचांना फोड आले होते. ईशा शेजारी टेकली.

"ट्रम्पेटवाल्यांची मागची ओळ वाकडी जाते," काका म्हणाले.

"आय नो, बाबा."

"बाकी छान शिकवलंयस."

ईशाने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. काकांचा हात वर आला, जरा घुटमळला आणि मग तिच्या केसांवर स्थिरावला. पुढे गुडघ्यांमुळे काकांना पुन्हा तिथे जायला जमलं नाही. त्या दिवशी रस्ता झाडणाऱ्या गाड्या अगदी जवळ आल्या, बसवाल्याने दोनदा हॉर्न दिला, तरी दोघं उठली नाहीत. मीही हाक मारली नाही.